शेवटच्या प्रकरणाचे वैरी

आमच्या व्याह्यांशी पाच मिनिटं बोलून ज्याला आपल्या एखाद्या तरी कृत्याची लाज वाटली नाही, असा माणूस नागपुरात अजून जन्माला यायचा आहे. आणि नवल असं, की त्या लाजलेल्या माणसालाच त्यांना पुन्हा भेटावंसं वाटतं. मी त्यांतलाच एक. गांधीबागेत माझं कापडाचं ठोक दुकान आहे आणि बोलण्यात हार खायची आमच्या खानदानात पद्धत नाही. पण मुलासाठी मुलगी पाहायला आम्ही शहराच्या टोकाला, बेसाला त्यांच्या घरी गेलो, पोहे आले, मुलगी आली, आमच्या चिरंजीवांनी मान खाली घातली, आणि मुलीच्या वडिलांनी पगार, घर, शिक्षण यांबद्दल अवाक्षरही न काढता मला विचारलं, "तुमच्या दुकानात कापडाच्या गाठी येतात, त्याच्यावरचं प्लास्टिक कुठं जाते?" मी म्हटलं, भंगारवाला नेतो. "आन् भंगारवाल्याकडून?" मला ठाऊक नव्हतं. "ज्या कारखान्यात हे कापड रंगते, तिथलं रंगाचं पाणी?" तेही ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोने तोवर पर्स आवरून उठायची तयारी केली होती. व्याह्यांनी मात्र समाधानाने मान हलवली आणि आपल्या बायकोकडे वळून म्हणाले, "माणूस खरं बोलते. संबंध करायले काही हरकत नाही."

त्यांचं सारं आयुष्य सरकारच्या नियोजन खात्यात गेलं. देशाच्या विकासाचा कुठलाही आराखडा घ्या, त्यात रस्ते, वीज, शेती, उद्योग, आरोग्य अशी जाडजूड प्रकरणं असतात आणि सगळ्यांच्या मागे, लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात उभ्या असलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं, दोन-चार पानांचं 'पर्यावरण'. या शेवटच्या प्रकरणाशी आमच्या व्याह्यांचं हाडवैर. त्यांचं म्हणणं असं, की वीजवाल्यांनी राखेचा आणि पाण्याचा विचार विजेच्याच प्रकरणात करावा, रस्तेवाल्यांनी नाल्याचा विचार रस्ता आखतानाच करावा, शेतीवाल्यांनी औषध फवारायच्या आधी विहिरीत डोकावून पाहावं. सगळं करून झाल्यावर एखाद्या बापड्या अधिकाऱ्याला शेवटच्या पानांवर हळहळायला बसवू नये. "आधी धूर सोडायचा आन् मंग शेवटच्या पानावर खोकायचं," ते म्हणत, "पर्यावरण म्हणजे काय बडीशेप आहे, जेवण झाल्यावर वाटायले?" हे वाक्य त्यांनी इतक्या साहेबांना ऐकवलं, की व्याह्यांच्या बदल्यांचा नकाशा काढला तर अख्खा विदर्भ त्यात येईल. पण गडी प्रत्येक नव्या गावात पहिल्या बैठकीला तेच वाक्य घेऊन हजर. बढती हुकली याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. नव्या ठिकाणी नवे श्रोते मिळाले, असाच त्यांचा हिशोब असे.

असला माणूस सेवानिवृत्त होऊन घरी बसला, की सगळी खाती घरातच उघडतात. एका मार्चमध्ये विहीणबाईंनी कूलर मागितला. कूलरचा प्रश्न ऊर्जेचा, पाण्याचा की घरबांधणीचा, यावर व्याह्यांनी विचार सुरू केला. मग खिडकीची दिशा तपासली, गच्चीवर चुना मारून पाहिला, कुंपणाला कडुनिंब लावला आणि तो सावली देण्याइतका मोठा होईस्तोवर थांबता येईल का, हेही विचारून पाहिलं. विहीणबाई माझ्या बायकोला सांगत होत्या, "ह्यायच्या विचारात उन्हाळा सरला वं. कूलर घरात आला, तवा आमी स्वेटर घालून बसलो होतो." व्याही शेजारीच चहा पीत होते. "पण बरोब्बर खिडकीत बसला ना?" एवढंच म्हणाले.

धंतोलीच्या एका दवाखान्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते भेटायला आले. माझी चौकशी फार तर अर्धं मिनिट. मग जनरेटरचा धूर कुठल्या वॉर्डाकडे जातो, रक्ताळलेले बोळे कुठल्या पिशवीत जातात, गच्चीवरचं पाणी कुठे मुरतं, अशी त्यांनी नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची उलटतपासणी घेतली. ते गेले आणि पाचच मिनिटांत माझ्या खोलीची फरशी दुसऱ्यांदा पुसली गेली. साहेब वरून तपासणीला आले आणि मी त्यांचा खास माणूस, अशी समजूत झाली असावी. डिस्चार्ज मिळेपर्यंत माझा चहा वेळेवर आणि गरम आला. ती समजूत दूर करायची मला काहीच घाई नव्हती.

पण त्यांचं तत्त्वज्ञान मला खऱ्या अर्थाने कळलं ते मुलांच्या लग्नात. उरलेलं अन्न वाया जाऊ नये म्हणून एक माणूस नेमू या, असं मी सुचवलं. व्याही ताडकन म्हणाले, "नाही. एक माणूस नेमला का बाकीचे हात झटकतात. हे सगळ्यांचंच काम आहे." त्यांनी आचाऱ्याला वेगळं गाठून समजावलं, मांडववाल्याला वेगळं, हॉलच्या मॅनेजरला वेगळं, आणि बँडवाल्याचा जेवणाशी काडीचा संबंध नसताना त्यालाही. प्रत्येकाला वाटलं, ही जबाबदारी खास आपल्यावरच सोपवली आहे. परिणाम असा झाला, की वऱ्हाडी हात धुऊन वडाभाताकडे वळतात न वळतात तोच उरलेलं अन्न न्यायला चार वेगवेगळ्या संस्थांच्या चार गाड्या दारात उभ्या राहिल्या. अन्न उरायचं तर सोडाच, अजून वाढायचंही होतं. माझा मेहुणा शेवटपर्यंत वडाभाताच्या पातेल्याजवळ पहारा देत उभा होता. मी कपाळाला हात लावला. व्याह्यांच्या चेहऱ्यावर मात्र पोरीच्या लग्नाहूनही मोठा आनंद. आमच्या बोलीत व्याही म्हणजे इवाई. "पाहा इवाईबुवा," ते म्हणाले, "सगळ्यायनं आपलंच समजलं."

गेल्या वर्षी देशाच्या विकासाचं धोरण नव्याने लिहिणाऱ्या एका समितीने त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं. उभ्या नोकरीत जे कोणी ऐकलं नाही ते तिथे ऐकलं गेलं. व्याही संत्रा बर्फीचा डबा घेऊन दुकानात शिरले आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "काढलं एकदाचं." मला वाटलं, दाढ काढली. "दाढ नाही हो, शेवटचं प्रकरण काढलं. आता पर्यावरण सगळ्यायच्या प्रकरणात येईन, ज्याचं त्यानं लिहायचं." बर्फी दुकानातल्या सगळ्यांना मिळाली. त्या दिवशी गिऱ्हाइकाने प्लास्टिकची पिशवी मागितली तरी त्यांनी एकदाही टोकलं नाही, यावरून काय ते समजा.

मग सगळ्या खात्यांचा मसुदा एकत्र बांधून आला. ऐन मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि व्याही डोक्याला दुपट्टासुद्धा न बांधता दुकानात येऊन गादीवर बसले. पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं. "कुठंच नाही, इवाईबुवा," ते म्हणाले. काय कुठंच नाही? तर पर्यावरण. उद्योगवाल्यांनी लिहिलं होतं, यासाठी विजेचं प्रकरण पाहावं. वीजवाल्यांनी लिहिलं होतं, उद्योगाचं प्रकरण पाहावं. शेतीवाल्यांना वाटलं, पाणी म्हणजे सिंचनवाले बघतील. सिंचनवाल्यांना वाटलं, फवारणी म्हणजे शेतीवाले बघतील. रस्तेवाल्यांना काहीच वाटलं नव्हतं. सगळ्या मसुद्यात नदी एकदाच आली होती, तीही पुलाखालून. लग्नात चौघांनी केलेलं काम इथे एकानेही केलं नव्हतं. आणि पूर्वी जी दोन-चार पानं निदान शेवटी असायची, ती यांनीच भांडून काढायला लावली होती. हसावं की रडावं मला कळेना, म्हणून मी दोन्ही आवरलं.

मसुदा चार दिवसांत दिल्लीला जाणार होता. सगळ्या खात्यांनी आपापली प्रकरणं पुन्हा लिहायला वेळ नव्हता. व्याह्यांनी एकेकाला फोन लावले, जो तो अदबीने म्हणाला, "सर, ते त्यांच्याकडे आहे." आता मार्ग दोनच होते. धोरण आहे तसं, पर्यावरणाच्या एका अक्षराविना जाऊ द्यायचं, नाहीतर ज्या प्रकरणाशी जन्मभर वैर केलं तेच समितीपुढे हात जोडून परत मागायचं. "मी ते मागू काहून?" ते म्हणाले. "एकदा ते शेवटी बसलं का पुन्हा सगळे मोकळे. माझं सगळं शिकवणं पाण्यात." मग म्हणाले, "आन् नाही मागितलं तर नदी, जंगल वाचवायचं नावच नाही त्याच्यात. ते माझ्यामुळं."

मला धोरणातलं काय कळतंय? मला कापड कळतं. मी म्हटलं, "इवाईबुवा, तुम्हाले सूत रंगवून विणलेलं कापड पायजे. रंग धाग्यातच असला का तो धुतल्यानं जात नाही, हे मीही मानतो. पण विणकर अजून शिकून राहिले. तोवर मी दुकानात छापील, वरून रंग दिलेलं, ठेवतो ना. दुकान बंद करून तर बसत नाही."

"म्हणजे तुम्ही मले छापील विकून राहिले?"

"विकून राहिलो. उघडं फिरण्यापेक्षा बरं."

ते चिडले. उठून पायऱ्यांपर्यंत गेले, परत आले, ते पाणी प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी बेसाला फोन केला, तर विहीणबाई म्हणाल्या, "लिहून राहिले. एक ओळ लिहितात आन् सोतालेच दोन शिव्या देतात." त्यांनी ते प्रकरण स्वतःच लिहिलं. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला, खरं म्हणजे हे कोणत्या खात्याने लिहायला हवं होतं, तेही बजावून लिहिलं. समितीने ते बजावणं तेवढं गाळलं आणि बाकीचं जसंच्या तसं घेतलं. मसुदा दिल्लीला गेला. शेवटी पर्यावरण, पूर्वीसारखंच. फक्त दोन-चार पानांऐवजी चांगलं भरगच्च.

परवा रविवारी आम्ही नवराबायको त्यांच्याकडे गेलो होतो. जेवण झालं, बायका आत बोलत बसल्या, आम्ही दोघं अंगणात. व्याह्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. प्लास्टिक नाही, रंगाचं पाणी नाही. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. इतकी वर्षं ज्या प्रश्नांना मी हसत आलो, ते त्यांनी विचारावेत असं मला फार वाटलं, आणि या माणसाची फार माया आली. मग ते म्हणाले, "पुढं कोणी तरी ते प्रकरण पुन्हा काढन. काढलंच पायजे. मी नसलो तं तुम्ही सांगा त्यायले. काढायच्या आधी बाकीची सगळी प्रकरणं एकदा उघडून पाहा म्हणा."

गांधीबागेतल्या कापडवाल्याला हे विचारायला कोण येणार आहे? पण ते माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सांगीन."

"नक्की?"

"नक्की सांगीन, इवाईबुवा."