ली काकांची लाल पाटी

तैवानच्या किनमन बेटावरच्या जनावरांच्या दवाखान्यात वंग सूछिन सोनोग्राफी करायची. ज्वारीच्या दारूचा चोथा खाऊन सुस्तावलेल्या गाई तपासण्यात तिची एकवीस वर्षं गेली. पण तिचं नाव झालं ते खुराड्यांत सापडणाऱ्या अजगरांमुळे. दोघांनी अजगर उताणा धरायचा, डोक्यापासून पाव लांबीवर जेल चोपडायचं आणि हृदय सापडेपर्यंत प्रोब सरकवत राहायचं. तिच्याइतकं हे कुणाला जमत नसे, आणि ते सगळ्यांत जास्त तिलाच ठाऊक होतं. जनावर घेऊन आलेल्याला काही विचारायचं म्हणजे तिला कमीपणा वाटायचा.

ऑगस्टमध्ये बदकं पाळणारे म्हातारे ली थ्येनशुइ स्कूटरवर पोतं बांधून आले. पोत्यात जाडजूड अजगरीण होती.

"सूछिनताई, एक सांगायचं होतं—"

"काका, आधी बघू द्या. तुमचं पुराण नंतर."

पडद्यावरचं हृदय मोठं होतं, भिंती जाड. पुराण ऐकायचं राहूनच गेलं. "हृदयविकार," सूछिन म्हणाली. तरुण डॉक्टर श्वे यांनी मान डोलावली, कारण ताईंच्या डोळ्यांवर त्यांचा फार विश्वास. आजारी जनावर रानात सोडायचं नाही, हा दवाखान्याचा नियम. अजगरीण काचेच्या पेटीत गेली आणि तिला गोळ्या सुरू झाल्या.

सप्टेंबरच्या मध्यात सूछिननं पुन्हा तपासलं. हृदय छोटं, निरोगी. गोळ्यांनी एवढं होत नाही, हे तिला कळत होतं. तिनं कपाटातलं जुनं पुस्तक काढलं. मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन-तीन दिवसांत अजगराचं हृदय वाढतं आणि पुढं आपसूक उतरतं, असं त्यात सरळ लिहिलं होतं. तिनं पुस्तक मिटून परत कपाटात ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फरक पडतोय." आणि गोळ्या चालूच ठेवल्या. स्वतःची लाज वाटत होती, पण नाव जाण्याची भीती त्याहून मोठी होती.

नोव्हेंबरअखेर समुद्रावरून बोचरा वारा सुटला, आणि अजगरीण बरी झाल्याचं ऐकून ली काका लाल पाटी काखोटीला मारून आले. बऱ्या झालेल्या रोग्याचे लोक डॉक्टरला देतात तसली, सोनेरी अक्षरांची: 'करुणेचं काळीज, करुणेचे हात'. सोबत शेंगदाण्याच्या वड्या. सगळा दवाखाना गोळा झाला.

"सापाला हृदयविकार झाला म्हणून मंडळी मला हसत होती," काका म्हणाले. "आता बसा म्हणावं! ताईंनी बरा करून दाखवला. फोटो काढा रे!"

सूछिनच्या हातात पाटी दिली गेली. तिला वर बघवेना.

"काका, ती आजारी नव्हतीच. पोट भरलेलं होतं, म्हणून हृदय मोठं दिसलं. मी विचारलंच नाही."

"त्या दिवशी मी तेच तर सांगत होतो! परवाच माझं बदक गिळलंय म्हणून." काका हसायला लागले. "असू दे हो. चुकतो माणूस. तिला द्या, आजच आमच्या तळ्यामागच्या रानात सोडतो."

"आता नाही सोडता येणार. थंडी पडली. तीन महिने बसून अंग ढिलं पडलंय तिचं. एप्रिलपर्यंत पेटीतच ठेवावी लागेल."

"मग आधी का नाही बोललात?"

"सप्टेंबरातच कळलं होतं मला. लाजेनं गप्प बसले."

काकांचं हसू गेलं. त्यांनी तिच्या हातातून पाटी काढून घेतली, पेटीपाशी गेले आणि काचेसमोर ती टेकवून ठेवली, अक्षरं आतल्या बाजूला करून.

"एप्रिलपर्यंत इथंच राहू द्या," ते म्हणाले. "तिलाच वाचू दे."

वड्यांना कुणी हात लावला नाही. सूछिननं पाटी हलवली नाही. हिवाळाभर रोज सकाळी पाणी बदलताना ती पाटी बाजूला करायची आणि पुन्हा होती तशीच लावायची.