मिरचीच्या रंगाचा बारकोड

आमच्या डिझाइन एजन्सीत कल्पकता आणि तांत्रिक कौशल्य यांचा समतोल फार काटेकोरपणे सांभाळला जायचा. खिडकी आम्हा क्रिएटिव्हवाल्यांना, बाथरूमचं दार स्टुडिओवाल्यांना. महाप्याच्या एमआयडीसीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसायचा आणि तो बघत बसण्याला आम्ही ‘थिंकिंग’ म्हणायचो. स्टुडिओत एकच माणूस उरला होता. आम्हाला जे सुचेल ते छापखान्यात खरोखर छापलं जाईल अशी फाईल तयार करणं, हे त्यांचं काम. पंचावन्नच्या पुढचे, शिरवण्यात राहणारे. सगळे त्यांना काका म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते, पण ते ‘मॅडम’ मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

प्रत्येक कामाचं एक खाकी पाकीट असायचं. त्यावर आधी मजकूर लिहिणाऱ्याची सही, मग डिझायनरची, शेवटी काकांची. काकांनी सही केली की काम छपाईला जायचं. ऑफिसचा अलिखित नियम असा की काम गाजलं तर मधली सही बघायची, फसलं तर शेवटची. हा नियम एजन्सीच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, स्वतः काढला होता. त्यांच्या अख्ख्या करिअरमधली ती एकमेव ओरिजिनल आयडिया.

तर बोनकोड्याच्या एक मावशी आमच्याकडे आल्या. घरी आगरी मसाला करून विकायच्या. इतकी वर्षं ओळखीपाळखीत विकल्यावर आता एका सुपरमार्केटनं त्यांना फळीवर जागा द्यायचं कबूल केलं होतं. घरात लग्नकार्य असावं तशा त्या हरखल्या होत्या. मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन पास करायला नवी साडी नेसून आल्या आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

डिझाइन छान झालं होतं, हे मी आजही म्हणेन. सायीच्या रंगाचं पाकीट, त्यावर मिरचीच्या लाल रंगात बारीक रेखाटनं. अडचण फक्त बारकोडची. काळा बारकोड तिथे अगदीच सरकारी दिसत होता. मी तोही लाल करून टाकला, खाली रेघांना देठासारखी वळणं दिली आणि स्वतःवरच खूश झाले.

काका प्रिंटआउट घेऊन आले. बारकोडभोवती पेन्सिलीनं गोल केला होता. “मॅडम, या रेघा काळ्या कराव्या लागतील. काउंटरवरच्या मशीनचा उजेड लाल असतो. लाल रेघा त्याला दिसतच नाहीत, कागद कोरा वाटतो.”

“काका, सगळं काळंच करायचं तर डिझायनर कशाला ठेवलाय?” मी म्हटलं. “तुम्ही फाईल बनवा. डिझाइनचं टेन्शन मी घेते.” वर मावशींकडे बघून हसलेसुद्धा.

“निदान एकदा मशीनवर चेक करू या?”

“टाइम नाहीये.”

टाइम होता. त्याच दुपारी मी चहाला खाली जाऊन पाऊण तास गप्पा मारल्या. काकांनी सही केली. न करून करतात काय? एकदा त्यांनी सही अडवली होती, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, क्रिएटिव्हला अडवणारे तुम्ही कोण?

पाकिटं देखणी छापली गेली. सरांनी इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, खाली माझं नाव, त्यावर लोकांचे बदाम. मग सुपरमार्केटच्या काउंटरवर पहिलं पाकीट गेलं आणि मशीन गप्प बसलं. दुसरं, तिसरं, तेच. मॅनेजरनं सगळा माल मावशींच्या घरी परत पाठवला आणि सांगितलं, सोमवारपर्यंत पाकिटं मशीनवर चालली तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मीटिंग शुक्रवारी सकाळी. सर कधीपासून म्हणत होते की स्टुडिओ बंद करू, ते काम बाहेरून करून घेऊ. त्यांना फक्त निमित्त हवं होतं. ते मी करून दिलं, मिरचीच्या रंगात. म्हणजे त्या टेबलावर काकांची नोकरी होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मावशी पाकिटांनी भरलेली पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“टेक्निकल एरर आहे, मावशी,” सर म्हणाले. खाकी पाकीट उचलून त्यांनी शेवटच्या सहीवर बोट ठेवलं. “अशा चुकीला आमच्याकडे माफी नाही. आम्ही ॲक्शन घेतोय.”

काका म्हणाले, “सही माझीच आहे.” बस, एवढंच.

आणि मी? मी योग्य वेळेची वाट बघत होते. आमच्या धंद्यात टायमिंगला फार महत्त्व असतं. वहीच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला, तो गिरवला, मग अजून गिरवला.

बोलल्या त्या मावशी. “यो मानूस तवाच बोलला होता, रेघा काल्या करा म्हनून. मी हितंच बसलेली ना तवा, या पोरीच्या बाजूला. हीच नको बोलली.”

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग खाकी पाकिटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “अच्छा. म्हणजे तो क्रिएटिव्ह कॉल होता,” ते म्हणाले. आवाज एकदम मऊ. “चालायचंच. रिस्क घेतल्याशिवाय नवीन काही होत नाही.” मघाशी जिला माफी नव्हती ती चूक माझ्या खात्यावर आल्याबरोबर प्रयोग झाली. आता माझा सत्कार करतात की काय, अशी मला भीती वाटली. मला लाज वाटली. त्याआधी क्षणभर हायसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

काकांची नोकरी राहिली. त्यांनी अर्ध्या तासात काळ्या बारकोडचे स्टिकर तयार केले, खालच्या किराणा दुकानातल्या मशीनवर तपासून आणले, आणि आम्ही तिघं चिकटवायला बसलो. माझे वाकडे लागत होते. मावशी ते काढून सरळ लावत होत्या.

“काका,” शेवटी मी म्हटलं, “मी सांगणारच होते.”

स्टिकरचा पुढचा कागद कापायला काकांना पट्टी हवी होती. मी उठून त्यांचं ड्रॉवर उघडलं. ते रिकामं होतं. पुसून ठेवलेलं. काकांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी ओढली. तिच्यात त्यांची स्टीलची पट्टी होती, भिंग होतं, चहाचा कप होता, टेबलावरचा गणपतीचा फोटो होता.

“हे कधी भरलंत?”

“सकाळी. मीटिंगच्या आधी.”

“पण तेव्हा तर काहीच ठरलं नव्हतं.”

“सात वर्षं ओळखतो तुम्हाला, मॅडम,” काका म्हणाले आणि पट्टी लावून कागद कापू लागले.