पाच कोनांच्या कुरडया

काहीही हातात आलं की आमचे सर आधी त्याचे कोन मोजायचे. भेंडी असो, पतंग असो. "आधी मोजा, मग बोला," म्हणायचे. मी मोजण्याआधीच बोलणारा. पण जळगावात, पिंप्राळ्यात, त्यांच्या शेजारी राहत होतो, म्हणून चहा मिळायचा.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. नव्वदीच्या दशकात चीनमधल्या जीवाश्मांची चित्रं त्यांच्या हाती लागली आणि माणूस झपाटला. पन्नास कोटी वर्षांहून जुने, खसखशीएवढे, जेलीफिशसारखे जीव!

"अंड्यातून थेट छोटा प्रौढच बाहेर येतो, बरं का. पोहणारं पिल्लू नाहीच. मग तोंडाशी कड्यावर कडं चढत वाढतो. जेलीफिशचे भाग चार, याचे पाच. तरी भावकी एकच."

"भावकी म्हणजे भांडणं आलीच," मी म्हणालो.

"आहेत ना! तिकडचे पंडित भांडतायत."

एकदा धुळ्याहून व्याख्यानाचं बोलावणं आलं. अख्ख्या नोकरीतलं पहिलंच. खसखशीएवढा जीव मागच्या बाकाला कसा दिसणार? मोठे नमुने हवेत. मातीचे करून पाहिले, ते तडकले. तेव्हा सरांच्या घरी वहिनींनी कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक सरांनी सुताराकडून करवून घेतलेल्या साच्यांत भरला. वाळल्यावर आरपार दिसायचं, अगदी जेलीफिश. अंड्यापासून प्रौढापर्यंतची सगळी वाढ एका डब्यात.

धुळ्यात आम्ही संयोजकांच्या घरी उतरलो. सरांनी डबा त्यांच्या बायकोच्या हाती दिला. "अक्का, नीट ठेवा. जळगावहून आणलंय."

उन्हाळ्यात पाहुणा आणखी काय आणतो? चहाबरोबर परात आली. "भाऊ, बठ्ठ्या तळी टाक्यात!" अक्का कौतुकाने म्हणाल्या. डब्यात तळायची एकही उरली नव्हती. मंडळी खात होती. सरांनी परातीतली एक उचलली. सवयीने कोन मोजले आणि परत ठेवली.

सभेत ते मूठ मिटून अंडं दाखवत होते, बोटं उघडून प्रौढ. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचे पूर्वज कुरकुरीत होते. मीठ तेवढं कमी!" हशा थांबेचना. सर मूठ उघडी ठेवून उभे राहिले, मग खाली बसले.

पुन्हा बोलावणं आलं नाही. कॉलेजात ते निवृत्त होईपर्यंत 'कुरडईवाले'. सर गेले, तेव्हा तेराव्यालासुद्धा दोन प्राध्यापक हीच गोष्ट सांगून हसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनींनी वाळवणाचा डबा आणून दिला. "साचे पडूनच होते. वाया कशाला घालवायचे?"

आमच्या हिने लगेच तळल्या. मी एक उचलून मोजली. पाच.

फार छान फुलली होती.