आधी चूल दाखवा

कोणाचीही जागा मोजायला गेले की सखारामजी मोजणीची साखळी दारातच ठेवत, चपला काढत आणि म्हणत, "आधी चूल दाखवा. जागा कुठं पळून नाही जात." घरमालक गोंधळे. मोजणीदाराचं स्वयंपाकघराशी काय काम?

काम होतं. त्या वर्षी नागपुरात नवा नियम लागू झाला होता. वाटणीनंतर जागेचा तुकडा फार अरुंद उरत असेल, तर तो वेगळ्या नावावर चढवायचा नाही. सूट फक्त त्यांना, जे नियमाच्या आधीपासून वेगळे राहत होते. महाल भागातल्या जागा मुळातच चिंचोळ्या, त्यामुळे आमच्या मोजणी कचेरीत अर्जांचा ढीग पडला. शेरा लिहायचं काम माझं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे. सखारामजी तिसरी शिकलेले. मला "बी.ए. साहेब" म्हणत; त्यात मान किती आणि चिमटा किती, ते कधी कळलं नाही.

एका विधवा बाईचा अर्ज मी नामंजुरीत टाकला होता. दिरापासून वेगळी राहते म्हणे, पण कागद एकही नाही. सखारामजींनी तो उचलला. "बाई रांधून खाते का हवा खाते? चला, उठा." तिच्या चुलीमागची भिंत आढ्यापर्यंत काळीकुट्ट होती. त्यांनी त्या काजळीवर बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाचा. सात-आठ वर्षांचं लिहिलं आहे." बाईला सूट मिळाली.

पुढं दोन भाऊ आले. चार वर्षांपासून वेगळे आहो, म्हणाले. दुसऱ्या चुलीमागची भिंत पाहून सखारामजी म्हणाले, "काहून गा, चार वर्षं हिच्यावर नुसतं दूधच तापवून राहिले का? भिंत तर नवरीसारखी गोरी आहे!" भाऊसुद्धा हसले. अर्ज नामंजुरीत गेला.

मग त्यांच्याच घरावर वेळ आली. धाकट्या भावाला, बापूला, मौद्याला सासरची शेती करायला जायचं होतं. त्याला आपला हिस्सा विकायचा होता. सूट मिळाली तर सखारामजींचं अर्धं घर वाचणार होतं. नाहीतर सगळंच विकावं लागणार. स्वतःच्या घराची पाहणी त्यांना करता येईना, म्हणून मला पाठवलं.

बापूनं दुसरी चूल मांडली होती. मागं गोवऱ्या जाळून भिंतही काळी केली होती. "दादाले काही विचारू नका, साहेब," तो हळूच म्हणाला. मी लेखणी काढली. मला ते घर वाचवायचं होतं, खरंच.

दारातून सखारामजी म्हणाले, "चपला काढल्या का, बी.ए. साहेब?"

मी काढल्या. त्यांनी माझं बोट धरून भिंतीवर फिरवलं. वरची काजळी सुटली आणि खाली पांढरा चुना दिसला.

"सखारामजी, कोण पाहायला येणार आहे?"

"तुम्ही आले ना." मग बापूकडे वळून, "तुह्या वहिनीच्या हातचं सकाळीच जेवला ना रे? मंग?"

बापू रडायला लागला. मी लिहिलं: चूल एक.

घर विकलं गेलं. बापू मौद्याला गेला, सखारामजी नोकरी सोडून कळमेश्वरला लेकीच्या गावी. निघायच्या दिवशी त्या एकाच चुलीवर रांधून वहिनींनी सगळ्यांना वाढलं, मलाही.

काही महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, तिसरीच्या अक्षरातलं. "आता दोन चुली झाल्या. इथली भिंत अजून गोरी आहे. काळी व्हायच्या आत या."

मी जाईन जाईन म्हणत राहिलो. पुढं एकदा बापू कचेरीत आला, डोकं भादरलेलं. तो काही बोलायच्या आधीच मी चपला काढून उभा राहिलो.