पालथा दगड

आमच्या काउंटीच्या दप्तरखान्यात मी एकतीस वर्षं काढली. खरेदीखतं, मृत्युपत्रं, जमिनीच्या सनदा, सगळी जाडजूड बाडं माझ्या ताब्यात. पूर्वज शोधायला किती माणसं आली त्याची गणती मी केव्हाच सोडली. बोटाला थुंकी लावून दोनशे वर्षांची पानं उलटणारे, टेबलाखाली लपवून बिस्किटं खाणारे, पान फाटलं की खिडकीतल्या वाऱ्याकडे बोट दाखवणारे. आणि प्रत्येकाचा पूर्वज जमीनदारच! चोर कोणाचाच नाही, दारुडा कोणाचाच नाही. एकदा एकाला मी विचारलं, "सगळेच जमीनदार होते, तर मग व्हर्जिनियात तंबाखू लावली कोणी?" त्याने माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि बाडात तोंड घातलं.

मिस डेल्फिन हॉबसन मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडल्या. गोऱ्या, उंच, पायात पुरुषी बूट. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षं त्यांनी गावोगावच्या कच्च्या रस्त्यांवर शाळेची पिवळी बस हाकली. आवाज असा, की बसला भोंगा लागत नसेल. पण दप्तरखान्यात यायच्या त्या हात धुऊन, रुमालाने कोरडे करून. डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला पाव बाहेर पायरीवर बसून खायच्या.

त्या चार वर्षांच्या असताना आईने त्यांना आत्याच्या दारात सोडलं, ते परत न येण्यासाठी. आत्याच्या मुलींचे उतरलेले कपडे त्यांच्या अंगावर, आणि ताट सगळ्यांच्या शेवटी. "थँक्सगिव्हिंगच्या प्रत्येक फोटोत मी कडेला," त्या सांगायच्या. "एका फोटोत तर नुसता कोपरच." लग्न झालं, मूल झालं नाही, नवरा गेला; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. मग आत्याही गेली, तेव्हा तिचं जुनं बायबल यांच्याकडे आलं. आतल्या पानावर बापाच्या घराण्याची नावं होती. माहेरचं आडनाव विंगो.

तिथून आम्ही दोघी एकेक पायरी मागे गेलो. मृत्यूची नोंद, लग्नाचा कागद, करदात्यांची यादी. तीन हिवाळे गेले. शेवटी सापडला जोसाया विंगो. सन १७४८, ऑटर लिक ओढ्याच्या दोन्ही तीरांना चारशे एकर, राजाच्या नावाची सनद. मग त्याच्या नातवाचं, पेटनचं, १७९८ सालचं खरेदीखत. त्याने सगळी जमीन विकली होती, अर्धा एकर सोडून. मी मोठ्याने वाचलं, "जिथे माझे आजोबा पुरले आहेत ती जागा, विंगो रक्ताच्या माणसांना पुरण्यासाठी आणि जाण्यायेण्यासाठी, कायमची."

मिस डेल्फिननी पानाला हात न लावता त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग रडू लागल्या.

"आर्लिथा, इथे लिहिलंय. मला जागा आहे."

आयुष्यभर ज्या बाईला कोणी आपलं म्हटलं नाही, तिला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद म्हणत होता, ये, इथे झोप. त्यांना जमीन नको होती, पैसा नको होता. मेल्यावर आपल्या माणसांत पडून राहायचं होतं, बास.

खतात खूण दिली होती. ऑटर लिकच्या मुखावरच्या मोठ्या खडकापासून अमुक दिशेला इतकं अंतर. मिस डेल्फिननी होकायंत्र घेतलं, मोजणीची साखळी घेतली आणि एकट्या रानात गेल्या. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून आल्या. नेमक्या जागी काही नव्हतं, पण थोडं पुढे सीडरची पाच झाडं, खाली निळ्या फुलांची ती वेल, जी आमच्याकडे फक्त जुन्या थडग्यांवर दिसते, आणि वेलीत उभे रोवलेले दगड. अक्षर एकावरही नाही.

"सुरुवातीचे दिवस गरिबीचे असणार," त्या म्हणाल्या. "कोरणारा कुठून आणतील?"

चारशे एकरांचा धनी आणि कोरायला माणूस नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की माझ्याच्याने बोलवलं नाही. जमीन आता लाकडाच्या कंपनीची होती. कंपनीने सही करून परवानगी दिली, आणि मिस डेल्फिन दर वसंतात तिथे जाऊन साफसफाई करू लागल्या. सव्वीस वर्षं, एकही वसंत न चुकवता.

मधूनमधून त्या काहीबाही सांगायच्या. तिथे पक्षी ओरडत नाहीत. दगड मोजले तर कधी अकरा भरतात, कधी बारा. आणि कचरा! दर हिवाळा संपला की वेलीत नवा कचरा पडलेला असतो, बशांचे तुकडे, शिंपले, बाटलीची मान. "त्या रानात सहलीला कोण येतं देव जाणे," त्या कुरकुरायच्या, आणि सगळं बादलीत भरून घरी आणायच्या. मी म्हणायची, "अस्वलं आली असतील जेवायला."

पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांनी स्वतःचा दगड करून घेतला आणि तिथे उभा केला. आमच्याकडे पुष्कळ लोक करतात. नाव, जन्माचं साल, पुढे एक रेघ आणि मग कोरी जागा. खाली कोरलं, 'जोसाया विंगो यांची वंशज.' पुढच्या वसंतात गेल्या तर दगड पालथा पडलेला, तोंड मातीत. जमीन गोठते, फुगते, दगड ढकलते. होतं असं. त्यांनी गवंडी नेऊन खाली सिमेंट घातलं. पुढच्या वर्षी पुन्हा पालथा. आणखी खोल पाया घेतला. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्या दप्तरखान्यात आल्या आणि टोपी न काढताच उभ्या राहिल्या.

"पुन्हा?" मी विचारलं.

"पुन्हा. आर्लिथा, बाकीच्या दगडांना सिमेंट नाही, काही नाही. ते जागचे हलत नाहीत. माझाच का?"

मला हसून उडवून लावायचं होतं. पण त्या घाबरल्या होत्या, आणि त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या जागेचा त्यांनी हाताने काढलेला नकाशा तपासायला मी शनिवारी दुपारी त्यांच्या घरी गेले.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. भर दुपार, तीन वाजले असतील, ऊन टेबलावर आलेलं. तेवढ्यात मागच्या ओसरीवरून आवाज आला. किणकिण. कोणीतरी बशा सावकाश एकावर एक ठेवतंय, पुन्हा उतरवतंय.

"रकून," मिस डेल्फिन मान वर न करता म्हणाल्या. "रोज याच वेळेला येतो खरकटं उचकायला."

मी उठून जाळीचं दार उघडलं. ओसरीवर काही नव्हतं. मांजरही नाही, वाराही नाही. भिंतीशी तीन बादल्या ओळीत ठेवलेल्या, आणि मधल्या बादलीत अगदी वर एक निळा जग. कान तुटलेला.

माझी आजी म्हणायची, आपली पूर्वज जूबा, विंगोंची गुलाम, त्यांच्याच मळ्यात पुरलीय, कुठे ते कोणालाच ठाऊक नाही, पण तिच्या उशाशी निळा जग आहे. कान फोडलेला. आमच्या जुन्या लोकांची रीत तशीच. मेलेल्याने शेवटची वापरलेली वस्तू फोडून थडग्यावर ठेवायची, म्हणजे घरात दुसऱ्याला मरणाचं बोलावणं येत नाही. आणि ठेवलेलं उचलायचं नाही. उचललं, तर ज्याचं आहे तो मागायला येतो.

तो कचरा कोणी टाकत नव्हतं. जमीनच दर हिवाळ्यात तो खालून वर ढकलत होती.

मी आत आले आणि नकाशा पुढे ओढला. "मिस डेल्फिन, उत्तर दिशा कुठली धरलीत?"

"उत्तर ती उत्तर! उत्तर काय, माणसागणिक वेगळी असते?"

"माणसागणिक नाही, काळागणिक. होकायंत्राची सुई एका जागी राहत नाही, दरवर्षी केसभर सरकते. पेटन विंगोच्या मोजणीदाराची उत्तर आणि तुमच्या खिशातली उत्तर यांत दहाएक अंशांचा फरक पडला."

एकतीस वर्षं त्या खोलीत बसून जी गोष्ट मला झोपेतही ठाऊक होती, ती मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी कोनमापक ठेवला, दहा अंश उजवीकडे सरकवला आणि रेघ ओढली. पेन्सिलचं टोक मोठ्या धरणाच्या निळ्या पाण्यात जाऊन थांबलं. जोसाया विंगो सत्तर वर्षांपासून तळ्याखाली होता.

मिस डेल्फिननी त्या टोकावर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "मग सीडरखाली कोण आहे?"

"माझी माणसं," मी म्हटलं.

ओसरीवर पुन्हा किणकिण झाली. आता त्या रकून म्हणाल्या नाहीत.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं यांच्या पूर्वजांना, माझ्या लोकांना गुलाम ठेवणाऱ्या मालकांना, शोधायला मी मदत केली, आणि यांनी माझ्या लोकांची भांडी बादलीत भरली. पण समोर एक म्हातारी बसली होती आणि तिची एकुलती एक जागा मी नुकतीच पाण्यात बुडवली होती. ते बरं वाटणं फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर त्या स्वतःहून झिपोरा मावशीकडे आल्या. मावशी एक्क्याण्णव वर्षांची, आमच्या घराण्यात सर्वांत वडील. तिने ऐकून घेतलं आणि काठी आपटली.

"सव्वीस वर्षं आमच्या माणसांपुढचं उचलून नेलंस, आणि वर त्यांच्यात आपल्या नावाचा दगड रोवलास? खाली काय कोरलंस, तर त्यांच्या मालकाचं नाव! मग ते ढकलणार नाहीत तर काय मुका घेतील?"

"नाही," मिस डेल्फिन म्हणाल्या. त्या भोंग्यासारख्या आवाजाची बाई, पण ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

मावशीने त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "पण गवत तूच काढलंस. आमच्यातल्या कोणी नाही काढलं. सगळं होतं तिथे ठेव आधी. मग बघू."

आठवडाभराने आम्ही दोघी बादल्या घेऊन रानात गेलो. मला वाटलं, आता कुठला तुकडा कोणाचा, हे कोण सांगणार? पण मिस डेल्फिन थांबल्याच नाहीत. हा शिंपला इथला, ही बशी त्या वाकड्या दगडापाशी, बाटली सीडरच्या मुळाशी. चौतीस वर्षं कुठलं पोर कुठल्या फाट्यावर उतरतं हे लक्षात ठेवलेली बाई ती. प्रत्येक तुकडा त्याच्या थांब्यावर उतरवला. निळा जग सगळ्यांत शेवटी, कडेच्या दगडापाशी. तिथे वेल बाजूला सारली तेव्हा त्या दगडाला अगदी चिकटून आणखी एक दगड दिसला, पावाएवढा. हाच तो कधी मोजला जायचा, कधी नाही.

"जोसायाच्या मृत्युपत्रात गुलामांच्या यादीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "'जूबा आणि तिचं लेकरू.' शंभरदा वाचलंय मी ते पान. दरवेळी ही नावं ओलांडून पुढे जायची. मला आपलं विंगो शोधायचं होतं."

त्यांचा स्वतःचा दगड पालथाच पडला होता. मी उचलायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे तसाच."

मे महिन्यात त्यांनी कोरणाऱ्याला नेलं. दगड होता तसा, पालथा, जमिनीवर सपाट बसवला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर मृत्युपत्रातल्या गुलामांची सगळी नावं कोरून घेतली. डाफ्नी, मिंगो, म्हातारी सिल्वी, कजो, सगळी, आणि शेवटी जूबा आणि तिचं लेकरू. हीच माणसं तिथे आहेत याला पुरावा नाही, हे दप्तरखान्याची बाई म्हणून मला सांगावंच लागेल. पण मी कोरणाऱ्याला अडवलं नाही. मिस डेल्फिनचं नाव खाली गेलं, मातीकडे तोंड करून.

पुढच्या जानेवारीत त्या झोपेतच गेल्या. त्यांना कुठे ठेवायचं, हे विचारायला लोक माझ्याकडे आले आणि मी मावशीकडे गेले.

"त्यांच्या पायाशी," ती म्हणाली. "ओळीच्या बाहेर. दगड नको लावू. आत घ्यायचं की नाही, ते त्यांचं ते बघतील."

तसंच केलं. बसमध्ये त्या ज्यातून कॉफी प्यायच्या, त्या मगाचा कान मी फोडला आणि उशाशी ठेवला. मग हिवाळा कडक पडला, तीनदा जमीन गोठली.

मार्चमध्ये मी एकटीच गेले. नावांचा दगड जागचा हलला नव्हता. सवयीने मी उभे दगड मोजले, तेरा भरले. दुसऱ्या टोकाकडून मोजले, तरी तेराच. मग ओळीच्या पायाशी जाऊन पाहिलं. मिस डेल्फिनच्या उशाशी, मगाला लागून, एक दगड मातीतून वर आला होता. वीतभर उंच, सरळ उभा, अक्षर नसलेला, बाकीच्यांसारखाच.

मी त्याला हात लावला नाही.