परवान्यावर नाव कुणाचं?

मंडळी, तुमच्यातले बरेच जण अमेरिकेत नोकरीला आहात, म्हणून सावेडीतल्या सायबर कॅफेतून घाईने विचारतेय.

आज सकाळी तिकडच्या कंपनीची ईमेल आली. प्रोग्रॅमिंगची नोकरी पक्की आहे, पण वर्क परमिटचा अर्ज अडलाय. डिग्री सुनंदा जोशीची आणि पासपोर्ट मानसी कुलकर्णीचा. या दोघी एकच कशावरून, असं त्यांचा वकील विचारतोय. लग्नानंतर आडनाव बदलतं हे त्याला कळतं. नावसुद्धा बदलतं, हे त्याला कसं पटवू? त्यात यंदाचे परवाने संपत आलेत म्हणे.

सासूबाई म्हणाल्या, "ताटात तांदळावर नाव लिहिलं तेव्हा सगळे होते की. तो फोटो पाठव."

मी कोर्टातून ॲफिडेव्हिट करून आणलंय. तेवढं पुरेल का? कुणाचं असं अडलं होतं का? लवकर कळवा.

दुपारी ही नोकरी जमवून देणाऱ्या एजंटचा पुण्याहून फोन आला. "कोण बोलतंय?" असं त्याने विचारलं आणि मला पटकन नावच सांगता येईना. शेवटी ह्यांनी रिसीव्हर घेतला आणि सांगितलं, "माझी मिसेस होती."