दुसऱ्या भागाला हसताना

मुलीचं लग्न शिरूरला जमलं तेव्हा मला मनातून एका गोष्टीचं फार बरं वाटलं होतं. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

दौंडात आणि कुरकुंभच्या आमच्या कंपनीत मला 'धरा मला' म्हणतात. वीसेक वर्षांपूर्वी एक विनोदी सिनेमा आला होता. त्यात नायिकेचा एक भित्रा मामा होता. वाईट बातमी आली की तो छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "धरा मला, मी निघालो!" आम्ही कंपनीतली पोरं फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दौंडच्या थेटरात तो बघायला गेलो. मग पुन्हा गेलो, आणि तिसऱ्यांदाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर कँटीनमध्ये येऊन ओव्हरटाइम सांगायला लागला, तसा मी उठलो, छातीवर हात ठेवला, "धरा मला, मी निघालो" म्हणालो आणि ताठच्या ताठ मागं पडलो. मागं उभ्या असलेल्या दोघांनी झेललं. अख्खं कँटीन हसून लोटपोट झालं. सुपरवायझरसुद्धा हसला. ओव्हरटाइम काही टळला नाही.

तिथून ते माझ्या मागं लागलं. कुणाचा निरोप समारंभ असो, कंपनीचा गणपती असो, बारसं असो, मी दिसलो की लोक म्हणायचे, "हां, होऊन जाऊ द्या." पहिली काही वर्षं मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. मग नकोसं झालं, पण तोवर उशीर झाला होता. युनियनच्या मीटिंगमध्ये एकदा मी शिफ्टच्या बसबद्दल तक्रार मांडायला उभा राहिलो. बस रोज उशिरा येत होती, बायाबापड्या उन्हात ताटकळत होत्या. मी "मित्रांनो" म्हणालो आणि मागच्या रांगेतल्या चौघांनी मला झेलायला हात पुढं केले. सगळे हसले. मीही हसलो आणि खाली बसलो. एका मित्राच्या वडिलांच्या दशक्रियेला, नदीच्या घाटावर, एकजण हळूच कानाशी येऊन म्हणाला, "काय, निघाला का?"

म्हणून शिरूरचं बरं वाटलं. व्याही मार्केट यार्डात कांद्याचे आडते. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. सुपारी फुटली त्या दिवशी मी त्यांच्याशेजारी ताठ बसून पाण्यापावसाचं बोललो, बाजारभावाचं बोललो. लोक माझं ऐकून घेत होते. कितीतरी वर्षांनी कुणी माझ्याकडं बघून हसण्याची वाट बघत नव्हतं.

महिनाभरानं व्याह्यांचा फोन आला.

"पाव्हणं, त्या पिच्चरचा दुसरा भाग आलाय म्हणं. पोरानं सगळ्यांची तिकिटं काढल्यात. रविवारी दुपारी या."

"कुठल्या पिच्चरचा?" मी विचारलं.

"आता काय सांगायचं तुम्हाला! तुमचा व्हिडिओ बघितलाय आम्ही. कुणाच्या तरी लग्नातला. धरा मला!" व्याही फोनवर हसले. त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

होणारा जावई कारेगावात खोली करून राहतो, रांजणगावच्या कंपनीत कामाला. तिथं आमच्या कंपनीतून गेलेला एकजण त्याच्या लाइनवर होता. त्याच्याकडून व्हिडिओ जावयाच्या मोबाइलवर, तिथून अख्ख्या भावकीत.

"माझी कंबर..." मी बायकोला म्हणालो. कमरेच्या मणक्यात गॅप पडलाय म्हणून डॉक्टरांनी पट्टा दिला होता.

"पिच्चरच बघायचाय न्हवं? बसून बघायचाय," ती म्हणाली. "आन् नाही कसं म्हणायचं? पोरीच्या सासरचं हाय."

रविवारी आम्ही तिघं न्हावऱ्यावरनं शिरूरला गेलो. थेटरात व्याह्यांकडची अख्खी एक रांग होती. मला मानानं मधोमध बसवलं. डाव्या हाताला व्याही, उजव्या हाताला त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. मुलगी आणि बायको पार कडेला, बायकांत. उठायचं म्हटलं तर दोन्हीकडून दहाबारा गुडघे ओलांडून जावं लागलं असतं.

सिनेमा सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं की व्याही पडद्याकडं बघतच नाहीयेत. विनोद झाला की ते माझ्याकडं बघत. मी हसलो की मग हसत. मी नाही हसलो तर त्यांचा चेहरा पडे, जसं काही जेवायला बोलावलं आणि पाव्हण्यानं ताटाला हातच लावला नाही. मग मी हसायला लागलो. आप्पांना कमी ऐकू यायचं. प्रत्येक वाक्याला ते माझ्या दंडाला धरून विचारत, "काय म्हणला?"

"तो म्हणतोय, हे घर माझं नाही."

"मग?"

"मग घर त्याचंच असतं."

"मग हसण्यासारखं काय?"

मला सांगता येईना, कारण मलाही ते कळलं नव्हतं. गोष्ट आता परदेशात नेली होती. मामा म्हातारा झाला होता, केस काळेभोर रंगवलेले. पहिल्या भागात बातमी आल्यावर तो घाबरायचा. इथं बातमी यायच्या आधीच "धरा मला" म्हणून पडत होता. केकवर पडला, पोहण्याच्या तलावात पडला, विमानात पडला. पडायच्या आधी हळूच मान वळवून मागं बघत होता, खाली गादी आहे ना म्हणून. ते बघून मला कसंसंच झालं. हल्ली मीही तसंच मागं बघतो.

इंटरव्हलला बाहेर आलो तर समोसे वाटले जात होते आणि माझ्याभोवती गोल तयार झाला होता. मोबाइल वर गेले. मी मुलीकडं बघितलं. ती मान खाली घालून पायातलं पैंजण नीट करत होती. नेहमी माझ्या बाजूनं ताडकन बोलणारी, पण ही तिच्या सासरची माणसं होती. बायको मात्र माझ्या कमरेकडं बघत होती.

"करा की पाव्हणं," कुणीतरी म्हणालं.

मी छातीवर हात ठेवला, वाक्य म्हणालो आणि मागं गेलो. व्याह्यांनीच झेललं. टाळ्या पडल्या. कमरेतून कळ थेट पायापर्यंत गेली.

हात धुवायला गेलो तर व्याही मागोमाग आले. तिथं आम्ही दोघंच होतो. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, रुमालानं पुसलं.

"पाव्हणं, राग येणार नसंल तर एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्हाला खरंच एवढं हसू येतंय व्हय? मला तर कायच वाटंना. पहिल्या भागाची सर न्हाई ह्याला. पण तुम्ही हसताय म्हणल्यावर म्हटलं आपलंच चुकत आसंल."

"तुम्ही बोलावलं म्हणून मी हसतोय," मी म्हणालो.

व्याह्यांनी रुमाल खिशात घातला. मग नळ बंद करत म्हणाले, "आता काय करायचं?"

"जायचं का घरी?"

"कसं जायचं? पोरानं हौसेनं काढल्यात तिकिटं. आप्पा आत जाऊन बसल्यात. बाया बसल्यात."

म्हणून आम्ही आत गेलो. पूर्वार्ध एकमेकांच्या भिडेनं निभावला होता, उत्तरार्धात तीही सोय उरली नव्हती. आता आम्हाला एकमेकांचं हसू खोटं आहे हे ठाऊक होतं, आणि तरी जावई पलीकडून वाकून बघायचा तेव्हा दोघं एकदमच हसायचो. आप्पा विचारत होते, "काय म्हणला?" आता मी नुसतं "पडला, पडला" सांगत होतो. सिनेमा संपतच नव्हता.

पुढच्या आठवड्यात माझ्या सुट्टीच्या दिवशी मुलीनं जुना भाग टीव्हीवर लावला. तिला बघायचं होतं की पहिला खरंच एवढा चांगला होता का. बायको कोथिंबीर निवडत बसली होती. ती म्हणाली, "लाव, मीबी बघते. मी कुठं बघितलाय?"

मी चकित झालो. तिन्ही वेळा मी कंपनीतल्या पोरांबरोबर गेलो होतो. इतकी वर्षं ती माझी नक्कल बघत आली होती, खांद्याला मलम लावत आली होती, आणि मूळ सिनेमा तिनं पाहिलाच नव्हता. मी तिला कधी नेलंही नव्हतं, आणि तिनंही कधी म्हटलं नव्हतं.

मामाचा पहिला प्रसंग आला. बातमी आली. मामानं छातीवर हात ठेवला, आजूबाजूला बघितलं, जवळचं स्टूल ओढलं, त्यावरची धूळ फुंकली, बसला, आणि अगदी हळू, जणू एसटीच्या कंडक्टरला सांगावं तसं म्हणाला, "धरा मला. मी निघालो." कोथिंबिरीची जुडी हातात धरून बायको खदखदून हसली. मुलगीही हसली.

मी वाट बघत होतो तो पडण्याची. तो पडलाच नाही. अख्ख्या सिनेमात नाही. प्रत्येक वेळी तो नीट बसायला जागा शोधायचा आणि मग निघायचा. हसू त्यातच होतं.

"अहो, पण तुम्ही असं कुठं करता?" बायको म्हणाली. "तुमचं येगळंच हाय."

तो ताठ पडणारा मामा माझा होता. कँटीनमधला. आणि दुसरा भाग काढणाऱ्यांच्याही डोक्यात तसाच कुठला तरी लग्नातला, कुठला तरी कँटीनमधला पडणारा मामा बसला असावा. त्यांनी सिनेमाचा नाही, आमच्यासारख्यांनी केलेल्या नकलांचाच दुसरा भाग काढला होता.

हळदीच्या दिवशी मांडवात पुन्हा मागणी झाली. मी ठरवून ठेवलं होतं. प्लास्टिकची एक खुर्ची ओढली, गमछ्यानं पुसली, बसलो, छातीवर हात ठेवला आणि हळू म्हणालो, "धरा मला. मी निघालो."

मांडव गप्प राहिला. बायकांच्या घोळक्यातून एकटीचं हसू आलं, माझ्या बायकोचं, आणि लोक वळून तिच्याकडं बघायला लागले. तिनं तोंडाला पदर लावला.

"आवो, पडा की!" मागनं कुणीतरी ओरडलं. मग चारपाचजण. "पडा, पडा!"

चौघं हात पुढं करून माझ्या मागं येऊन उभे राहिलेच होते. मी खुर्चीवरून उठलो, पट्टा जरा वर ओढला, आणि मागं बघून पडलो.